आधी खुंट पाहावा!

दिवाळी आली की घराघरांतून खेळण्यातल्या मोटारी पळू लागतात. पूर्वी त्या किल्लीच्या असत, मग सेलवर चालणाऱ्या आल्या, आणि आता हातातल्या यंत्राने लांबून हाकायच्या आल्या आहेत. ना तार, ना दोरी. मुलगा उभा गच्चीवर आणि मोटार गिरक्या घेते आहे खाली अंगणात! हा देखावा पुण्या-मुंबईचे सोडा, आता बीड जिल्ह्यातल्या आमच्या अंबाजोगाईतही दिसतो. या मोटारींच्या वेगाविषयी आणि किमतीविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यांच्या एका साध्याशाच दुखण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ते दुखणे म्हणजे मोटारीचे वरचे कवच वाकडे बसणे.

ज्यांच्या घरी अशी मोटार अजून शिरलेली नाही, त्या भाग्यवान वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. ही मोटार दोन भागांची असते. खाली चासी. तीत चाके, बॅटरी, मोटर, शॉकअप आणि पुढची चाके वळविणारे ‘सर्व्हो’ नावाचे काडेपेटीएवढे यंत्र. वर बॉडी, म्हणजे नुसते रंगीत कवच. चासीवर चार उभ्या दांड्या असतात. बैलगाडीच्या कडेला खुंट असतात ना, तशा. म्हणून मी त्यांना खुंटच म्हणतो. कवचाला चार भोके. ती या खुंटांवर बसवायची आणि प्रत्येक खुंटात केसांच्या आकड्यासारखी एक पिन अडकवायची, की झाली गाडी तयार. सगळी गंमत आणि सगळा घोळ या चार भोकांत आहे.

होडीपासून मोटारीपर्यंत

लांबून यंत्र हाकण्याची कल्पना तशी जुनीच. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी बिनतारी लहरींनी फिरवून दाखविली, आणि त्याच वर्षी तिचे पेटंटही मिळविले. मोटारींचा छंद घरोघर पोचायला मात्र बराच काळ जावा लागला. १९७६ साली जपानच्या टामिया कंपनीने पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीची, मूळ आकाराच्या एक-बारांश एवढी बिनतारी मोटार बाजारात आणली. तेव्हापासून या छंदाने चांगलेच मूळ धरले. हल्ली एक-दशांश आकार फार चालतो. अशी गाडी सुमारे १९ सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या पुढच्या-मागच्या आसांत सुमारे २६ सेंटिमीटर अंतर असते.

कवच असते पॉलिकार्बोनेटचे. हा पदार्थ १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधला. मोठ्या मोटारींच्या दिव्यांवरची पारदर्शक झाकणे आणि गाण्यांच्या सीडी याच पदार्थाच्या. याचा पातळ पत्रा तापवितात, साच्यावर ओढून घेतात आणि मग कडा कापतात. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. रंग द्यायचा तो आतून, म्हणजे बाहेर कितीही ओरखडे उठले तरी रंग शाबूत राहतो. सुमारे दीडशे अंशांपर्यंत हा पदार्थ नरम पडत नाही. तेव्हा आमचे वैशाखातले ऊनसुद्धा त्याचे काही वाकडे करू शकत नाही. पण त्याला पाडलेले भोक काही बुजत नाही. कापड असते तर रफू केले असते, लाकूड असते तर पाचर मारली असती. इथे पाडले ते पाडले.

धनत्रयोदशीची खरखर

माझा नातू तेरा वर्षांचा आहे, पुण्यास असतो. दोन वर्षांची भाऊबीज आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने अशी एक मोटार सुटी विकत घेतली आणि स्वतः जोडली. सहामाहीची सुट्टी लागली तसा तो आमच्याकडे आला, तो कोरे पारदर्शक कवच छातीशी धरून. दोन दिवस मागल्या अंगणात त्याचे काम चालले होते. त्याने कडा कापल्या, आतून निळा रंग दिला, भोके पाडली. मला त्याने काही विचारले नाही आणि मीही डोकावलो नाही. पोराने एकट्याने करायचे म्हटले की म्हाताऱ्याने पेपर वाचावा, हे बरे.

धनत्रयोदशीला संध्याकाळी गाडी पहिल्यांदा धावली. वळताना पुढच्या उजव्या चाकाकडून खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला. दहा मिनिटांत कवचाच्या कमानीवरचा निळा रंग पांढुरका झाला. समोरून पाहिले तर कवच एका अंगाला कललेले, झोपेत सरकलेल्या टोपीसारखे. गल्लीतली पोरे हसली. याने गाडी उचलली आणि कोणाशी न बोलता आत जाऊन बसला.

मग सल्ले सुरू झाले. त्याचा मामा, म्हणजे आमचे चिरंजीव, म्हणाले, “कमान थोडी कापून मोठी कर, चाक लागायचं थांबेल.” शेजारचा एक कॉलेजकुमार म्हणाला, “शेजारी दुसरं भोक पाड की!” पुण्याहून जावईबापूंचा फोन आला, “नवीन बॉडी मागवू.” पण नवीन कवच यायचे दिवाळीनंतर, आणि त्याची पेटी तर रिकामी झालेली. तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी होती. दोष दिसतो वरच्या कवचात, तेव्हा औषध द्यायचे तेही कवचालाच!

मी तीस वर्षे आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकविले. कानस कशी धरावी इथपासून सुरुवात. तेव्हा नातू शेवटी माझ्याकडे येणार हे ठरलेलेच होते. पण वाचकहो, एक अडचण होती. गेली चार वर्षे माझा उजवा हात कापतो. चहाचा कप बशीत वाजतो, आणि शर्टाची वरची गुंडी सौ. लावून देते. मिलिमीटरभर जाडीच्या कवचावर त्या हाताने हत्यार चालविणे शक्य नव्हते. कवच एकच, दिवस चार, आणि ज्याला काम येते त्याचा हात चालत नाही, अशी आमची अवस्था होती.

ओट्यावरची पाव तास मुदत

मी त्याला म्हटले, “कवच काढून बाजूला ठेव. त्याच्याकडे आज बघायचंच नाही.”

“पण आजोबा, वाकडं तर तेच आहे!”

“वाकडं ते दिसतं आहे. आहे की नाही, ते मोजल्यावर कळेल.”

मोजायला आधी सपाट जागा पाहिजे. आमच्या घरात शहाबादी फरशी. तिच्यावर टेबलाच्या पायाखालीसुद्धा पुठ्ठा घालावा लागतो. खरी सपाट जागा एकच, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. आणि तो ऐन फराळाच्या दिवसांत मागायचा म्हणजे थोडे धाडसच.

“ओटा पाव तास मोकळा मिळेल का?” मी विचारले.

“कशाला?”

“मोटार ठेवायला.”

सौ.ने झारा हातात तसाच धरून आम्हा दोघांकडे पाहिले. “चकल्यांचा हा घाणा निघू द्या. मग पाव तास. आणि आधी तिचे पाय धुवा!”

नातवाने जुन्या टूथब्रशने चाके पुसली. ओट्यावर पोलादी पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का ते पाहिले. कुठे आला नाही. मग गाडी ठेवली आणि चारही कोपऱ्यांशी चासी ओट्यापासून किती उंच आहे ते मोजायला सांगितले. पुढचा डावा कोपरा ६ मिलिमीटर, मागचा उजवा ६, मागचा डावा ७ आणि पुढचा उजवा ५.

“एकेकाच मिलिमीटरचा तर फरक आहे,” तो म्हणाला.

“बाजेचा एक पाय विटेवर ठेवला तर काय होतं?”

त्याने क्षणभर विचार केला. “समोरचा कोपरा दबतो.”

“मग मागच्या डाव्या पायाखालची वीट शोध.”

ती वीट सापडली शॉकअपमध्ये. प्रत्येक स्प्रिंगच्या वर आट्यांची एक कडी असते. ती फिरविली की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि गाडीचा तो कोपरा उचलला जातो. मागच्या डाव्या बाजूची कडी बाकीच्यांपेक्षा दोन आटे जास्त पिळलेली होती. त्यामुळे कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या उजव्या चाकावर, गाडी वाकून उभी होती, आणि नेमके तेच चाक घासत होते. कडी सैल केली, गाडी चार वेळा दाबून सोडली, पुन्हा मोजले. चारही कोपरे ६.

मग खुंट. गुण्या लावून प्रत्येक खुंट उभा आहे की नाही ते पाहिले. तीन सरळ होते. चौथा, पुढचा उजवा, बोटाने ढकलला तर हलला. त्याच्या बुडाचा स्क्रू सैल होता. गाडी धक्का खाई, खुंट कले, आणि त्याच्या मागोमाग कवच सरके. स्क्रू आवळला, खुंट ताठ झाला.

एवढे होईतो पाव तास संपला होता आणि शंकरपाळ्यांचे पीठ लाटायला ओट्याची वाट पाहत होते.

चिकलठाण्याची बस आणि सुताराची गाडी

रात्री नातवाने विचारले, “तुम्हाला कसं कळलं, दोष खाली असेल म्हणून?”

मी त्याला एसटीची गोष्ट सांगितली. आपली एसटी पहिल्यांदा धावली १ जून १९४८ रोजी, नगर ते पुणे. महामंडळाच्या दापोडी, हिंगणा आणि चिकलठाणा येथील कार्यशाळांतून गाड्यांवर बॉडी बांधण्याचे काम अनेक वर्षे चालत आले. कारखान्यातून यायची ती नुसती चासी. इंजिन, चाके, सुकाणू आणि उघड्यावर बसलेला, डोक्याला फडके बांधलेला ड्रायव्हर. अशा बिनकपड्यांच्या गाड्या हमरस्त्यावर पुष्कळांनी पाहिल्या असतील. तिच्यावर मग सांगाडा, पत्रा, बाके, खिडक्या चढायच्या. आता खालची चासीच पिळलेली असली, तर वरचा कारागीर कितीही निष्णात असो, दारे लागायची नाहीत आणि खिडक्या खडखडायच्या.

दुसरी गोष्ट आमच्याच तालुक्यातली. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पुष्कळांबरोबर बैल आणि गाडी असते. त्याआधी सुताराच्या दारी गाड्या दुरुस्तीला लागतात. लहानपणी मी अशा एका सुताराकडे तासन् तास बसत असे. गाडीवाला म्हणे, साटा एका अंगाला झुकतोय, फळी बदला. सुतार फळीला हात लावीत नसे. तो खाली वाकून म्हणे, “आधी आस बघू द्या, मग वरचं बोला.” फळी बदलून साटा सरळ दिसला असता, पण आस वाकडी राहिली असती तर कारखाना येईतो एका बैलाच्या मानेला घट्टे पडले असते. गाडीवाल्याला झुकलेला साटा दिसे. सुताराला बैलाची मान दिसे.

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी कमान कापली असती तर आवाज थांबला असता, पण खुंट सैलच राहिला असता.”

“आणि महिन्याभराने दुसरं चाक घासलं असतं.”

कुंकवाचा ठिपका

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून कवच पुन्हा हातात घेतले. आता खरी पंचाईत झाली. चासी सरळ, खुंट ताठ; पण कवच बसेना! तीन भोके खुंटांवर उतरली, चौथे तीन मिलिमीटर बाहेर राहिले.

पोराचा चेहरा उतरला. “म्हणजे मी भोक चुकीचं पाडलं.”

“नाही,” मी म्हणालो. “तू बरोबर मोजलंस. ज्याच्यावरून मोजलंस, तो खुंट वाकडा होता.”

वाचकहो, तीस वर्षांत मी हे वाक्य किती मुलांना सांगितले असेल! दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोजूनही जोड जुळत नाही आणि मुलगा स्वतःला नालायक समजू लागतो. त्याची नजर, हात, मेहनत सगळे ठीक असते. फक्त तो ज्याला आधार धरतो तोच हललेला असतो.

सहा मिलिमीटरचे भोक आणि तीन मिलिमीटरचे अंतर, म्हणजे शेजारी नवे भोक पाडले तर दोन्ही एकमेकांत मिसळून लांबट खाच होणार. तेव्हा आधी ठिगळ. ठिगळही त्याच पदार्थाचे हवे, आणि ते मिळाले सौ.च्या बिस्किटांच्या डब्यात. नातवाने कापून टाकलेल्या पारदर्शक कडा तिने “असू देत, लागतील” म्हणून उचलून ठेवल्या होत्या! भोकाभोवतीचा आतला रंग खरवडला, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने खरखरीत केले, आणि दोन नळ्यांतून मिसळायच्या गोंदाने नाण्याएवढा तुकडा आतून चिकटविला. इथे एक सूचना: या प्लॅस्टिकला थिनर किंवा ॲसिटोन लावू नये, त्याने ते पांढरे पडते आणि त्याला तडे जातात. गोंदाला आम्ही लक्ष्मीपूजनाची पुरी रात्र दिली.

पाडव्याला सकाळी खुणेचे काम. आत रंग असल्यामुळे बाहेरून खुंट दिसत नाहीत, मग भोक नेमके कुठे पाडायचे? सौ.च्या करंड्यातले कुंकू घेतले, दोन थेंब तेलात कालविले आणि पुढच्या उजव्या खुंटाच्या डोक्यावर ठिपका लावला. मग कवच तीन भोकांत अलगद उतरविले, प्रत्येक चाक आपल्या कमानीच्या मध्यावर आहे ना ते समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि चौथा कोपरा हलकेच दाबला. कवच उलटे केले, तर ठिगळावर लाल टिकली उमटलेली!

नातवाने हातड्रिल माझ्यापुढे धरले. “आजोबा, तुम्हीच पाडा.”

मी हात पुढे केला नाही, तो मांडीवर होता तसाच राहू दिला. तो तिथेही कापत होता. पोराने ते पाहिले, ड्रिल स्वतःकडे घेतले आणि म्हणाला, “मग तुम्ही सांगा, मी करतो.”

मी सांगत गेलो, तो करीत गेला. आधी सुईच्या टोकाने टिकलीच्या मध्यावर खळगी. मग दोन मिलिमीटरचे भोक, ड्रिलवर जोर न देता, त्याच्या वजनाने. मग गोल कानस, दोन फेरे, की खुंटावर लावून पाहायचे. पुन्हा दोन फेरे, पुन्हा पाहायचे. वीस मिनिटांत त्याने एकदाही वर पाहिले नाही. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. स्वयंपाकघरातून सौ. हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली, तीही बोलेना.

सातव्या-आठव्या वेळी कवच टप्‌कन खाली उतरले.

“थोडं सैल वाटतंय,” तो म्हणाला.

“अर्ध्या मिलिमीटरची ढील असू दे. घट्ट बूट चावतो. धक्का बसला की कवचाला हलायला जागा पाहिजे, नाहीतर ते भोकापाशीच तडकतं.”

आवाज थांबला

त्या संध्याकाळी गाडी अंगणात पुन्हा धावली. तिने शर्यत वगैरे काही जिंकली नाही. सरळ गेली, वळली, इंग्रजी आठचा आकडा काढला, आणि खर्र असा आवाज आला नाही. आवाज न येण्याचा आनंद ज्याने काही दुरुस्त केले आहे त्यालाच कळतो. पुढच्या बाजूला जुन्या भोकाची चंद्रकोर अजून दिसते. नातू तिच्यावर चित्र चिकटविणार होता. जाताना तशीच ठेवून गेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सामान बांधण्यापूर्वी त्याने गाडी स्वतः ओट्यावर ठेवली, चारही कोपरे मोजले, खुंट हलवून पाहिले आणि आजीला विचारून ओटा पुसून दिला.

तुमच्या घरी या दिवाळीत अशी मोटार आली असेल आणि तिचे कवच वाकडे बसत असेल, तर क्रम लक्षात ठेवा: सपाट जागा, चार कोपरे, शॉकअप, खुंट, आणि सर्वांत शेवटी कवच. चौथ्या पायरीपर्यंत काहीच कापावे लागत नाही, काहीच पाडावे लागत नाही; आणि पुष्कळदा काम तिथेच संपते. कात्री आणि ड्रिल ही पाचव्या पायरीची हत्यारे आहेत. आणि मोटारीबरोबर मुलाला एक पोलादी पट्टी, एक गुण्या, एक छोटी गोल कानसही घेऊन द्या. एवढे सामान फटाक्यांच्या एका डब्याच्या किमतीत येते. राहिला पाव तासापुरता ओटा. तो मात्र घरच्या मालकिणीकडूनच मागून घ्यावा लागेल. त्याला माझा इलाज नाही.